उपग्रह मार्गनिर्देशन संकेतांद्वारे ध्रुवीय आयनांबराचा अभ्यास

उपग्रह मार्गनिर्देशन संकेतांद्वारे ध्रुवीय आयनांबराचा अभ्यास ही भूभौतिकी व अवकाश विज्ञान यांतील एक निरीक्षणपद्धती आहे. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेईदोऊ या प्रणालींच्या उपग्रहांकडून येणारे रेडिओ संकेत जमिनीवर पोहोचण्यापूर्वी वातावरणाच्या आयनांबर या विद्युतभारित भागातून जातात. तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे संकेतांना विलंब होतो, त्यांचा मार्ग किंचित वळतो आणि काही वेळा त्यांची तीव्रता व कला झपाट्याने बदलू लागते. स्थाननिश्चिती करणाऱ्याच्या दृष्टीने हे दोष आहेत; मात्र त्यांचे काटेकोर मापन केल्यास संकेत ज्या माध्यमातून आला त्या माध्यमाची स्थिती कळते.

ध्रुवीय प्रदेशांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. आर्क्टिक महासागर व अंटार्क्टिका येथे कायमस्वरूपी वेधशाळा मोजक्याच आहेत. आयनांबराचे सविस्तर मापन करणारी मोठी रडार केंद्रे खर्चिक असून ती सतत चालवता येत नाहीत, तर प्रकाशीय कॅमेऱ्यांना अंधार आणि निरभ्र आकाश लागते. मार्गनिर्देशन संकेत मात्र बाराही महिने, दिवसरात्र, ढगांतूनही मिळतात व ते टिपणारे ग्राही यंत्र, म्हणजेच रिसीव्हर, तुलनेने लहान व स्वस्त असते.

ध्रुवीय आयनांबराचे स्वरूप

आयनांबर साधारणपणे ६० ते १,००० किलोमीटर उंचीच्या दरम्यान पसरलेले आहे. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि प्लाझ्मा तयार होतो. इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक घनता सामान्यतः २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरील एफ थरात आढळते. मध्यम अक्षांशांवर हे आयनीभवन मुख्यतः सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने दिवसा वाढते व रात्री घटते.

ध्रुवांजवळ मात्र सूर्यप्रकाशाखेरीज आणखी दोन कारणे प्रभावी ठरतात. पहिले कारण कणवर्षावाचे आहे. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा ध्रुवीय प्रदेशात जवळजवळ उभ्या असतात. चुंबकावरणातील इलेक्ट्रॉन या रेषांच्या आधाराने खाली येतात व सुमारे १०० ते ३०० किलोमीटर उंचीवरील वायूंवर आदळतात. त्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसतो आणि त्याच जागी आयनीभवनही होते. ध्रुवीय प्रकाशाचे हे क्षेत्र चुंबकीय ध्रुवाभोवती अंडाकृती कड्यासारखे असते. कड्याच्या आतील भागाला ध्रुवीय टोपी म्हणतात. दिवसाच्या बाजूस जिथे सौरवाताचे कण तुलनेने थेट खाली उतरू शकतात, त्या अरुंद भागाला कस्प म्हणतात.

दुसरे कारण वहनाचे आहे. सौरवात व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आंतरक्रियेतून ध्रुवीय टोपीवर विद्युत क्षेत्र निर्माण होते. त्याच्या प्रभावाने प्लाझ्मा दिवसाच्या बाजूकडून ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे वाहतो. या प्रवाहाचा वेग सेकंदाला काहीशे मीटर असतो. अस्वस्थ काळात तो सेकंदाला एक किलोमीटरच्याही पुढे जातो. ध्रुवीय रात्रीत जमिनीवर आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नसतानाही वरच्या आयनांबरात दाट प्लाझ्मा आढळतो, तो या दोन कारणांमुळे.

मापनाचे तत्त्व

आयनांबर हे अपस्करण घडवणारे माध्यम आहे. म्हणजे त्यातून जाणाऱ्या रेडिओ तरंगाचा वेग तरंगाच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. उपग्रह व रिसीव्हर यांच्यामधील एक चौरस मीटर छेदाच्या काल्पनिक स्तंभात जितके मुक्त इलेक्ट्रॉन असतात, त्या संख्येला एकूण इलेक्ट्रॉन मात्रा म्हणतात. तिचे एकक टीईसी एकक या नावाने ओळखले जाते. १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन प्रति चौरस मीटर म्हणजे एक टीईसी एकक. संकेताच्या मार्गात भासणारी वाढ पुढील सूत्राने मिळते:

मार्गातील वाढ (मीटर) = ४०.३ × एकूण इलेक्ट्रॉन मात्रा ÷ वारंवारतेचा वर्ग

येथे वारंवारता हर्ट्झमध्ये आणि इलेक्ट्रॉन मात्रा प्रति चौरस मीटर घेतली जाते. जीपीएस उपग्रह एल-१ या १,५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आणि एल-२ या १,२२७.६० मेगाहर्ट्झच्या वारंवारतेवर संकेत पाठवतात; नव्या उपग्रहांवर एल-५ हा १,१७६.४५ मेगाहर्ट्झचा संकेतही असतो. एका टीईसी एककामुळे एल-१ संकेताच्या मार्गात सुमारे १६ सेंटिमीटर, तर एल-२ संकेताच्या मार्गात सुमारे २७ सेंटिमीटर वाढ भासते. दोन्ही संकेत एकाच वेळी एकाच उपग्रहावरून निघत असल्याने उपग्रहाचे अंतर, घड्याळांतील चूक आणि खालच्या वातावरणामुळे होणारा विलंब या गोष्टी दोहोंना समान असतात. दोन मापनांची वजाबाकी केली की त्या निघून जातात व सुमारे साडेदहा सेंटिमीटरचा फरक उरतो. हा फरक मोजला की इलेक्ट्रॉन मात्रा कळते.

प्रत्यक्षात दोन प्रकारची मापने एकत्र वापरली जातात. संकेतावरील सांकेतिक क्रमावरून मिळणारे अंतर निःसंदिग्ध असते, पण त्यात गोंगाट अधिक असतो. वाहक तरंगाच्या कलेवरून मिळणारे अंतर अतिशय सूक्ष्म असते, परंतु त्यात किती पूर्ण तरंग धरायचे हे आधी ठाऊक नसते. आयनांबरामुळे सांकेतिक क्रम मागे पडतो, तर वाहक तरंगाची कला तितक्याच प्रमाणात पुढे सरकते. या दोहोंची सांगड घालून अचूक व निःसंदिग्ध मात्रा काढली जाते.

उपग्रहाकडील मार्ग बहुधा तिरपा असल्याने मिळालेली मात्राही तिरप्या स्तंभाची असते. तिचे उभ्या स्तंभात रूपांतर करताना सगळे इलेक्ट्रॉन साधारण ३५० ते ४५० किलोमीटर उंचीवरील एका पातळ कवचात साठले आहेत, असे मानले जाते.

सिंटिलेशन

वातावरणातील खळबळीमुळे तारे लुकलुकतात, तसेच आयनांबरातील इलेक्ट्रॉन घनतेच्या लहान-मोठ्या चढउतारांमुळे रेडिओ संकेतही थरथरतात. या घटनेस सिंटिलेशन म्हणतात. तिच्या मापनासाठी सेकंदाला ५० ते १०० नोंदी घेणारे खास रिसीव्हर वापरतात. संकेताच्या तीव्रतेतील चढउतार एस-४ या निर्देशांकाने आणि कलेतील चढउतार सिग्मा-फाय या निर्देशांकाने दर्शवले जातात. दोन्ही निर्देशांक सामान्यतः एका मिनिटाच्या नोंदींवरून काढतात.

विषुववृत्ताजवळील प्रदेशात, म्हणजे भारताच्या बऱ्याच भागातही, सूर्यास्तानंतर तीव्रतेचे सिंटिलेशन प्रबळ असते. ध्रुवीय प्रदेशात बहुतेक वेळा कलेत मोठे चढउतार दिसतात, पण तीव्रता फारशी बदलत नाही. याचे एक कारण मापनाच्या रीतीतच दडलेले आहे. जीपीएस संकेताच्या तीव्रतेवर परिणाम करणाऱ्या संरचना काहीशे मीटर वा त्याहून लहान आकाराच्या असतात, कारण त्यांच्यावरच संकेताचे लक्षणीय विवर्तन होते. कलेचा निर्देशांक काढताना मात्र प्रचलित रीतीनुसार १० सेकंदांपेक्षा सावकाश होणारे बदल गाळून टाकले जातात. विषुववृत्ताजवळ प्लाझ्मा सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने सरकत असेल, तर १० सेकंदांत तो एक किलोमीटर जातो. ध्रुवीय टोपीवर सेकंदाला एक किलोमीटर वेग असेल, तर तेवढ्याच वेळात तो १० किलोमीटर जातो. म्हणजे विषुववृत्तासाठी ठरवलेली हीच चाळणी ध्रुवांवर लावली की १० किलोमीटरपर्यंतच्या मोठ्या संरचनांमुळे झालेले साधे अपवर्तनही सिंटिलेशन म्हणून नोंदले जाते.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. अपवर्तनामुळे होणारा बदल वारंवारतेच्या ठरावीक प्रमाणात असल्याने दोन वारंवारतांच्या साहाय्याने तो जवळजवळ पूर्णपणे काढून टाकता येतो. विवर्तनामुळे होणारा बदल मात्र असा काढता येत नाही. त्यामुळे ध्रुवीय नोंदींत या दोहोंना वेगळे कसे करावे, हा या क्षेत्रातील संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे.

निरीक्षणाचे प्रकार

जमिनीवरील जाळी: आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेची केंद्रे जगभर पसरलेली असून १९९८ पासून तिच्या अंतर्गत आयनांबराचे जागतिक नकाशे तयार केले जातात. खास ध्रुवीय अभ्यासासाठी कॅनडात न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या पुढाकाराने कॅनेडियन हाय आर्क्टिक आयनोस्फेरिक नेटवर्क हे जाळे उभारण्यात आले. त्यात रेझोल्यूट बे, युरेका व केंब्रिज बे अशा अतिउत्तरेकडील ठिकाणांचा समावेश आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड आणि लाँगयरब्येन ही ठिकाणेही महत्त्वाची आहेत; लाँगयरब्येनजवळ आयस्कॅट संस्थेचे रडार असल्याने दोन्ही प्रकारची मापने ताडून पाहता येतात. अंटार्क्टिकात दक्षिण ध्रुव, मॅकमर्डो आणि इतर केंद्रांवर असे रिसीव्हर बसवलेले आहेत.

आयनांबरीय टोमोग्राफी: अनेक उपग्रहांपासून अनेक रिसीव्हरांपर्यंत जाणारे मार्ग एकमेकांना छेदतात. वैद्यकातील सीटी स्कॅनप्रमाणे या मार्गांवरील बेरजांवरून प्रत्येक ठिकाणची घनता गणिताने काढली जाते. त्यामुळे इलेक्ट्रॉन मात्रेबरोबरच उंचीनुसार घनता कशी बदलते, याचाही अंदाज येतो.

रेडिओ पिधान: कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहावर रिसीव्हर बसवला, तर त्याला मार्गनिर्देशन उपग्रह पृथ्वीच्या कडेआड मावळताना वा उगवताना दिसतात. चंद्राने ताऱ्याला झाकावे तशी ही स्थिती असल्याने तिला पिधान म्हणतात. संकेत वातावरणाचे एकेक थर आडवे छेदत जातो व त्यावरून घनतेचा उभा आलेख मिळतो. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने मंगळाच्या वातावरणाचा वेध याच तत्त्वाने घेतला होता. पृथ्वीसाठी जीपीएस संकेतांचा असा पहिला वापर १९९५ मध्ये मायक्रोलॅब-१ उपग्रहावरील जीपीएस/मेट प्रयोगात झाला. पुढे चॅम्प आणि २००६ मध्ये सोडलेल्या कॉस्मिक मालिकेतील सहा उपग्रहांनी विपुल आलेख पुरवले. या सहा उपग्रहांच्या कक्षांचा कल ७२ अंश असल्याने ध्रुवीय प्रदेशही त्यांच्या टप्प्यात येत. २०१९ मध्ये सोडलेल्या कॉस्मिक-२ उपग्रहांचा कल मात्र २४ अंश आहे. त्यांचा भर उष्ण कटिबंधावर असल्याने ध्रुवांसाठी त्यांचा उपयोग होत नाही.

उपग्रहावरून वरच्या दिशेने मापन: युरोपीय अवकाश संस्थेचे स्वार्म उपग्रह २०१३ पासून जवळजवळ ध्रुवीय कक्षांत फिरत आहेत. त्यांच्यावरील जीपीएस रिसीव्हर उपग्रहाच्या वरील भागातील इलेक्ट्रॉन मात्रा मोजतात, तर इतर उपकरणे उपग्रहाच्या जागेवरील इलेक्ट्रॉन घनता आणि चुंबकीय क्षेत्र मोजतात. कॅनडाच्या कॅसिओपी उपग्रहावरही अशा मापनासाठी जीपीएस रिसीव्हर बसवले होते.

इतिहास

आयनांबराच्या अस्तित्वाचा थेट पुरावा एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये परावर्तित रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दिला. या कार्यासाठी त्यांना १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक वर्षे जमिनीवरून वर पाठवलेल्या व परत आलेल्या तरंगांवरच हा अभ्यास अवलंबून होता. अशा तरंगांनी एफ थराच्या सर्वाधिक घनतेच्या वरील भाग दिसत नाही.

१९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात स्पुटनिक-१ अवकाशात गेला. त्याच्या २० व ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या संकेतांनी आयनांबराचे वरून खाली मापन करण्याची संधी दिली. त्याच संकेतांच्या डॉप्लर परिणामावरून उपग्रहाची कक्षा काढण्याचा प्रयत्न अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत झाला. ही कल्पना उलट फिरवून, म्हणजे कक्षा ठाऊक असताना निरीक्षकाचे स्थान काढण्यासाठी, ट्रान्झिट ही पहिली उपग्रह मार्गनिर्देशन प्रणाली उभारण्यात आली. तिचे उपग्रह ध्रुवीय कक्षांत सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरून फिरत आणि १५० व ४०० मेगाहर्ट्झवर संकेत पाठवत. दोन वारंवारतांची योजना आयनांबरामुळे येणारी चूक काढण्यासाठी होती. तिचाच उपयोग करून संशोधकांनी उच्च अक्षांशांवरील आयनांबराचा अभ्यास केला. १९९६ मध्ये ट्रान्झिटची मार्गनिर्देशन सेवा बंद झाली.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ही प्रणाली पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. एका वेळी अनेक दिशांना अनेक उपग्रह दिसू लागल्याने आयनांबराचे अखंड मापन शक्य झाले. पुढे ग्लोनास, गॅलिलिओ व बेईदोऊ यांच्या उपग्रहांमुळे आकाशातील मापनरेषांची संख्या कितीतरी वाढली.

प्रमुख निष्कर्ष

ध्रुवीय पुंजके: ध्रुवीय टोपीवर भोवतालच्या तुलनेत किमान दुप्पट घनतेचे प्लाझ्माचे पुंजके वाहताना आढळतात. त्यांचा आडवा विस्तार सुमारे १०० ते १,००० किलोमीटर असतो. सेकंदाला ५०० मीटर वेगाने जाणारा पुंजका सुमारे दोन तासांत ३,६०० किलोमीटर अंतर कापतो. सूर्यप्रकाशात तयार झालेला हा प्लाझ्मा अशा रीतीने ध्रुवीय रात्रीच्या अंधारात पोहोचतो. एकापाठोपाठ असलेल्या रिसीव्हरांच्या नोंदी जुळवून पुंजक्यांचा मार्ग व वेग काढता येतो.

आयनीभवनाची जिव्हा: तीव्र भूचुंबकीय वादळात मध्यम अक्षांशांवरील दाट प्लाझ्मा एका लांब पट्ट्याच्या रूपाने कस्पमार्गे ध्रुवीय टोपीवर ओढला जातो. २० नोव्हेंबर २००३ च्या वादळात उत्तर अमेरिकेपासून ध्रुवावरून पलीकडे जाणारा असा पट्टा जीपीएस नकाशे व रडार यांच्या संयुक्त नोंदींत स्पष्ट दिसला. ध्रुवीय आयनांबराचा विचार खालच्या अक्षांशांपासून तोडून करता येत नाही, हे या नोंदींनी ठळक केले.

अस्थिरतेची स्थाने: त्याआधीच्या महिन्यात, ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस आलेल्या वादळांत स्वालबार्ड येथील रिसीव्हरांनी तीव्र सिंटिलेशन नोंदवले. घनता जिथे झपाट्याने बदलते अशा कडांशी त्याचा संबंध आढळला. ध्रुवीय प्रकाशाच्या कड्यात शिरणाऱ्या पुंजक्यांमुळे आणि कस्प भागात कलेचे सिंटिलेशन विशेष तीव्र असते, हेही अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

दोन ध्रुवांतील फरक: चुंबकीय ध्रुव व भौगोलिक ध्रुव यांतील अंतर दक्षिणेत अधिक आहे. त्यामुळे तेथील ध्रुवीय टोपी दिवसभरात सूर्यप्रकाशात व अंधारात अधिक प्रमाणात आतबाहेर होते आणि दोन गोलार्धांतील आयनांबराचे दैनिक व ऋतुमानानुसार होणारे बदल सारखे नसतात.

भारताचा सहभाग

भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे नियोजन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. अंटार्क्टिकातील मैत्री केंद्र १९८९ पासून, तर लार्समन टेकड्यांवरील भारती केंद्र २०१२ पासून कार्यरत आहे. आर्क्टिकमध्ये नी-ऑलेसुंड येथे हिमाद्री हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. मैत्री व भारती येथून भारतीय संशोधकांनी जीपीएस संकेतांवर आधारित आयनांबराचे अभ्यास केले आहेत. ही दोन्ही केंद्रे जवळपास सारख्याच भौगोलिक अक्षांशावर असली, तरी चुंबकीय अक्षांशांत मोठा फरक आहे. मैत्री शांत काळात ध्रुवीय प्रकाशाच्या कड्याबाहेर असते आणि वादळात त्याच्या प्रभावाखाली येते; भारती मात्र पृथ्वीच्या परिवलनाबरोबर कस्प व ध्रुवीय टोपी यांच्याखालून जाते. त्यामुळे एकाच वादळाचे दोन निराळे परिणाम टिपता येतात.

नवी मुंबईतील नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकातील केंद्रांवर भूचुंबकीय निरीक्षणे करते. तिचा वारसा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जातो. सप्टेंबर १८५९ मधील ऐतिहासिक सौर वादळाच्या वेळी कुलाब्यात नोंदवलेली चुंबकीय क्षेत्रातील घट आजही अशा वादळांची तीव्रता जोखण्यासाठी वापरली जाते.

मर्यादा

उपग्रह व रिसीव्हर यांच्या इलेक्ट्रॉनिक मंडलांत दोन वारंवारतांच्या संकेतांना थोडा वेगवेगळा वेळ लागतो. ही चूक आधी ठरवून वजा करावी लागते. अन्यथा इलेक्ट्रॉन मात्रा अनेक एककांनी चुकू शकते. ध्रुवीय रात्रीत मूळ मात्राच काही एककांची असल्याने ही चूक तेथे अधिक जाणवते.

जीपीएस उपग्रहांच्या कक्षांचा कल ५५ अंश आहे. त्यामुळे ध्रुवावरून पाहिल्यास हे उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपेक्षा वर कधीच येत नाहीत. ६४.८ अंश कल असलेले ग्लोनासचे उपग्रह सुमारे ५७ अंशांपर्यंत वर येतात. मार्ग असे तिरपे असल्याने संकेत आयनांबरातून अधिक अंतर कापतो आणि पातळ कवचाचे गृहीतक कमकुवत ठरते. आर्क्टिक महासागरावर रिसीव्हरांसाठी स्थिर जमीन नाही, तर अंटार्क्टिकाच्या पठारावर हिवाळ्यातील वीजपुरवठा हीच मोठी अडचण असते.

सर्वांत मूलभूत मर्यादा अशी की तीव्र खळबळीत रिसीव्हरची संकेतावरील पकड सुटते. परिणामी ज्या क्षणाची माहिती सर्वाधिक मोलाची असते, नेमक्या त्याच क्षणाची नोंद तुटते. म्हणून अशा खंडांची संख्या हेही खळबळीचे एक माप म्हणून वापरले जाते.

उपयोग

ध्रुवीय हवाई मार्ग, आर्क्टिकमधील जहाज वाहतूक आणि सर्वेक्षण यांना अचूक स्थाननिश्चितीची गरज असते. परंतु तेथे मदतीची साधने कमी आहेत. स्थाननिश्चितीतील चुका सुधारणारे संदेश देणारे भूस्थिर उपग्रह सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे क्षितिजाखाली जातात. शिवाय अशा सुधारणा प्रणालींवरही वादळांचा परिणाम होतो. २९ व ३० ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेच्या वास प्रणालीची विमानांना उंचीविषयी मार्गदर्शन देणारी सेवा अनेक तास उपलब्ध नव्हती. मे २०२४ च्या वादळात ध्रुवीय प्रकाश लडाखमधील हानले येथूनही टिपला गेला. त्याच वेळी अमेरिकेत उपग्रहांच्या मार्गदर्शनावर चालणाऱ्या शेतीयंत्रांच्या कामात अडथळे आले. ध्रुवांवर सुरू होणारी खळबळ ध्रुवांपुरतीच राहत नाही, हे अशा घटनांतून दिसते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१९ पासून अवकाश हवामानाविषयी सूचना देण्याची व्यवस्था सुरू केली असून तीत उपग्रह मार्गनिर्देशनातील संभाव्य व्यत्ययाचा समावेश आहे. अशा सूचनांसाठी लागणाऱ्या माहितीचा एक मोठा भाग त्याच संकेतांवरून मिळतो, ज्यांच्या विश्वासार्हतेविषयी या सूचना असतात.

हे सुद्धा पहा

आयनांबर
ध्रुवीय प्रकाश
भूचुंबकीय वादळ
जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली
भारती (संशोधन केंद्र)